बांधावरची बाभूळ

चैत्र-वैशाखाचे दिवस आहेत. सकाळचे दहा वाजले नाहीत, तोच ऊन चटके देऊ लागले आहे. शिरूर किंवा दौंड तालुक्यातील एखाद्या गाडीवाटेने आपण चाललो आहोत, अशी कल्पना करा. ज्वारीची काढणी होऊन शेते मोकळी पडली आहेत. काळ्या जमिनीला भेगा गेल्या आहेत. माळावरचे गवत वाळून पिवळे झाले आहे. ओढ्याच्या पात्रात पाण्याऐवजी पांढरे गोटे चमकत आहेत. अशा त्या उघड्या रानात, दूर एका बांधावर, काहीतरी हिरवे दिसते. जवळ गेल्यावर कळते की, ते बाभळीचे झाड आहे. त्याच्या विरळ सावलीत चार शेळ्या विसावल्या आहेत आणि वरच्या फांदीवर एक होला घुमत आहे.

बाभूळ म्हटले की आपल्याला प्रथम आठवतो तो तिचा काटा. अनवाणी पायांत तो कधी मोडला नाही असे मूल आपल्या भागात क्वचितच सापडेल. वडाची पूजा होते, पिंपळाला पार बांधतात, आंब्याच्या पानांचे तोरण दाराला लागते. परंतु बाभळीच्या वाट्याला असा मान सहसा येत नाही. ‘बाभळी पेरून आंबे कसे मिळतील?’ असे आपण विचारतो. ‘ज्या गावच्या बोरी, त्याच गावच्या बाभळी’ असेही म्हणतो. या म्हणींत बाभूळ येते खरी, पण ती अगदी सामान्य, जिथे तिथे उगवणारी म्हणून. तरीही एक प्रश्न उरतोच. सारे रान वाळून गेलेले असताना हे झाड हिरवे कसे राहते? या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे, तर बाभळीची पाने, काटे, मुळे, शेंगा आणि साल ही सर्वच नीट पाहिली पाहिजेत.

त्याआधी आपला मुलूख समजून घेऊ. पावसाळ्यात अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीला अडतात आणि आपले बहुतेक पाणी तेथेच ओततात. पुणे जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला असलेल्या लोणावळ्यास वर्षाकाठी ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्व बाजूस शिरूर आणि दौंड हे तालुके आहेत. तेथे पोहोचेपर्यंत ढग रिते झालेले असतात. वर्षाला सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस झाला, तर तो बरा समजावयाचा. एखाद्या वर्षी तेवढाही होत नाही. शिरूर घोड नदीच्या काठी वसले आहे. त्यास घोडनदी असेही म्हणतात. दौंड भीमेच्या काठी आहे. नद्या असल्या, तरी नदीपासून दूरच्या रानातील झाडाला वर्षातील आठ महिने पावसाविना काढावे लागतात. अशा ठिकाणी टिकून राहावयाचे, तर झाड काटकसरी असले पाहिजे. बाभूळ तशी आहे.

कोरडा काळ आला म्हणजे झाडे दोन प्रकारांनी वागतात. काही झाडे आपली सर्व पाने एकदम गाळून टाकतात. पळस, सावर ही त्यांची उदाहरणे होत. अशा झाडांना पानझडी वृक्ष म्हणतात. पानांवाटे पाण्याची वाफ होऊन ते हवेत निघून जात असते. पानेच उरली नाहीत, म्हणजे हा खर्च थांबतो. दुसऱ्या प्रकारची झाडे वर्षभर पाने धारण करतात. त्यांना सदाहरित वृक्ष म्हणतात. सदाहरित म्हणजे ज्याचे पान कधीच गळत नाही, असा समज करून घेऊ नये. त्यांचीही जुनी पाने गळतात. परंतु ती थोडी थोडी गळतात आणि त्यांची जागा नवी पाने घेत राहतात, म्हणून झाड ओके-बोके होत नाही. बाभूळ ही जवळजवळ सदाहरित आहे. फारच कडक दुष्काळ पडला, तर तिची पाने विरळ होतात. एरवी ती बाराही महिने हिरवी असते.

पाने न गाळता पाणी कसे वाचवावे, हे कोडे निरनिराळ्या झाडांनी निरनिराळ्या रीतींनी सोडविले आहे. उत्तराखंडातील गढवाल आणि कुमाऊँ या डोंगरी प्रदेशांत बांज नावाचा वृक्ष आहे. तो ओक कुळातील सदाहरित वृक्ष होय. त्याचे पान चामड्यासारखे जाड असते आणि पानाच्या खालच्या बाजूस पांढऱ्या बारीक लवेचे अस्तर असते. जाड पानातून पाणी सहजी बाहेर पडत नाही. गंमत अशी की, तेथील शेतकऱ्याला बांज जसा उपयोगी पडतो, तशीच आपल्याकडील शेतकऱ्याला बाभूळ उपयोगी पडत आली आहे. बांजाचा पाला गुरांना चारतात, त्याच्या लाकडाची शेतीची अवजारे करतात आणि त्याच्या सालीत कातडे कमावण्याचे द्रव्य असते. दोन्ही झाडांची कुळे वेगळी, प्रदेशही दूरचे; तथापि कामे सारखी! मात्र बाभळीने पाण्याच्या कोड्याचे जे उत्तर शोधले, ते बांजाच्या अगदी उलट आहे. तिने पान जाड केले नाही, तर बारीक केले.

बाभळीचे एक पान तोडून हातावर घ्या. आपण ज्याला पाने म्हणतो, ते हिरवे इवलेसे ठिपके खरे पाहता पाने नसून पर्णिका आहेत. मधल्या दांडीला दोन्ही बाजूंनी लहान काड्यांच्या जोड्या फुटलेल्या असतात आणि प्रत्येक काडीवर पर्णिकांच्या जोड्या असतात. हे सारे मिळून एक पान होते. समजा, एका पानावर काड्यांच्या पाच जोड्या आहेत आणि प्रत्येक काडीवर पर्णिकांच्या वीस जोड्या आहेत. हिशेब करून पाहा: एका पानात चारशे पर्णिका झाल्या! एकेक पर्णिका पाच-सहा मिलिमीटरहून लांब नसते. मोठे, पसरट पान उन्हात लवकर तापते आणि थंड राहण्यासाठी त्याला पुष्कळ पाणी खर्चावे लागते. बारीक पर्णिकेची उष्णता वाऱ्याबरोबर सहज निघून जाते. म्हणून तिचे थोड्या पाण्यात भागते. सायंकाळी याच पर्णिका एकमेकींना चिकटून मिटतात आणि सकाळी पुन्हा उघडतात. बाभळीची सावली विरळ का असते, हेही आता तुमच्या ध्यानात आले असेल.

पानाच्या देठाशी दोन बाजूंना दोन काटे असतात. ते सरळ, पांढरट आणि टोकदार असतात. पुष्कळ झाडांच्या देठाशी लहान पानासारखे दोन भाग असतात. त्यांना उपपर्णे म्हणतात. बाभळीत या उपपर्णांचेच काटे झाले आहेत. आता एक गोष्ट मुद्दाम पाहा. लहान रोपट्याचे काटे खूप लांब असतात. कधीकधी ते पाच-सात सेंटिमीटरही भरतात. जुन्या, उंच झाडावर मात्र काटे थोडे आणि आखूड दिसतात. असे का? उजाड रानात हिरवा पाला दिसला की शेळी तेथे धावतेच. रोपटे तिच्या तोंडाला सहज लागते. म्हणून त्याला संरक्षणाची अधिक गरज असते. झाड उंच झाले, म्हणजे शेळीचे तोंड शेंड्यापर्यंत पोहोचत नाही. बाभळीचा काटा आपल्या पायासाठी उगवलेला नाही, तर तिच्या कोवळ्या पानांसाठी उगवलेला आहे. ‘अकेशिया’ हे बाभूळवर्गाचे जुने शास्त्रीय नावही टोक या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे.

जमिनीच्या वर जे दिसते, त्याहून अधिक महत्त्वाचे काम जमिनीच्या आत चालते. बी रुजले की बाभळीचे सोटमूळ आधी खाली धाव घेते. वर रोप वीतभर दिसत असेल, तेव्हा मूळ त्याहून पुष्कळ खोल गेलेले असते. भर उन्हाळ्यात वरची माती कोरडी ठणठणीत असली, तरी खोलवर थोडी ओल शिल्लक असते. तिच्यावर बाभूळ जगते. पुढे मुळे दूरवर पसरतात व माती धरून ठेवतात. पावसाळ्यात नदीला पूर येऊन काठच्या रानात पाणी साचले, तरी बाभूळ ते काही काळ सहन करते. म्हणूनच भीमेच्या काठच्या गाळाच्या जमिनीत बाभळी चांगल्या वाढतात.

बाभूळ ही शिंबावर्गातील, म्हणजे शेंगा धरणाऱ्या वनस्पतींच्या कुळातील आहे. तूर, हरभरा, भुईमूग ही तिची भावंडेच म्हणावयाची. या कुळातील बहुतेक वनस्पतींप्रमाणे तिच्याही मुळांवर बारीक गाठी असतात. त्या गाठींत एक प्रकारचे जिवाणू राहतात. ते हवेतील नत्र घेऊन त्याचे झाडाला उपयोगी पडेल असे खत बनवितात आणि त्याच्या मोबदल्यात झाडाकडून साखर घेतात. हवेचा सुमारे ७८ टक्के भाग नत्राचा असतो. परंतु जिवाणूंच्या मदतीवाचून झाडाला तो घेता येत नाही. बाभूळ हलक्या जमिनीतही तग धरते, त्याचे एक कारण हे आहे. तिचा पालापाचोळा मातीत मिसळला, म्हणजे त्या नत्राचा वाटा जमिनीलाही मिळतो.

पावसाळा सुरू झाल्यावर बाभूळ फुलू लागते. तिची फुले सोनेरी पिवळी आणि चेंडूसारखी गोल असतात. त्यांना मंद गोड वास येतो. हा चेंडू म्हणजे एक फूल नव्हे; अनेक चिमुकल्या फुलांचा तो गुच्छ आहे. प्रत्येक फुलात पिवळे पुंकेसर पुष्कळ असतात आणि त्यांच्यामुळेच चेंडूला रंग व मऊपणा येतो. फुलांवर मधमाश्या गुणगुणत असतात. पुढे शेंगा धरतात. या शेंगा राखी रंगाच्या, मऊ लव असलेल्या आणि दोन बियांच्या मध्ये आवळलेल्या असतात. एखादी मण्यांची माळ टांगावी, तशा त्या दिसतात. एकेका शेंगेत साधारणपणे आठ ते बारा बिया असतात.

या शेंगा पिकतात त्या ऐन उन्हाळ्यात, म्हणजे रानात चारा नसतो तेव्हा. शेळ्या-मेंढ्या त्या आवडीने खातात. धनगर आकडीने फांदी हलवितो आणि खाली शेंगांचा सडा पडतो. पाल्याला काट्यांनी जपणारे हे झाड शेंगा मात्र शेळीपुढे टाकते, यात एक मर्म आहे. बाभळीचे बी फार टणक असते. त्याच्या कवचातून पाणी लवकर आत शिरत नाही. शेळीच्या पोटातून जाताना ते कवच मऊ होते आणि लेंडीबरोबर बी दूर कोठेतरी जाऊन पडते. पाऊस पडला की तेथे ते रुजते. शेळीला अन्न मिळाले आणि बाभळीला नवी जागा मिळाली. घरातील वडीलधाऱ्या माणसांना १९७२ सालच्या दुष्काळाविषयी विचारा. माणसे खडी फोडावयास दुष्काळी कामांवर जात होती आणि दावणीची जनावरे चाऱ्यावाचून तळमळत होती. त्या दिवसांत बांधावरच्या बाभळीने किती शेळ्या जगविल्या, ते तुम्हांला त्यांच्या तोंडून ऐकावयास मिळेल.

आता खोडाकडे वळू. बाभळीची साल काळपट असते आणि तिच्यावर उभ्या खोल भेगा असतात. सालीचा तुकडा जिभेला लावला तर तोंड आवळल्यासारखे होते. सालीतील टॅनिन या द्रव्याचा हा गुण आहे. बाभळीच्या सालीत ते शेकडा १२ ते २० इतके असते. ‘टॅनिन’ हा शब्दच मुळी युरोपात ओकच्या सालीच्या नावावरून रूढ झाला आहे. कारण तेथे कातडे कमावण्यासाठी ओकची साल वापरीत. तेच काम आपल्याकडे बाभळीच्या सालीने केले. कच्चे कातडे लवकर कुजते. परंतु सालीच्या पाण्यात मुरविले, म्हणजे टॅनिन कातड्यात शिरून त्यास टिकाऊ करते. विहिरीवर मोटा चालत होत्या, तेव्हा त्यांना लागणारे कातडे असेच कमावलेले असे. कोल्हापुरी चपलेच्या कातड्यासाठी आजही बाभळीची साल आणि हिरडा यांचा उपयोग करतात. झाडाला स्वतःला टॅनिनचा उपयोग हा की, त्याच्या तुरट चवीमुळे कीड दूर राहते. सालीला जखम झाली, तर तेथे डिंक झरतो व जखम झाकली जाते. झाडाचे ते औषधच होय. कोवळ्या काडीचे दातवण तर आपल्या आजोबांच्या पिढीत घरोघर होते.

सालीच्या आतील लाकूड बाहेरच्या अंगाला पांढरट आणि गाभ्याला तांबूस असते. ते फार कठीण आहे. सागाचे एक घनमीटर वाळलेले लाकूड सुमारे ६५० किलोग्रॅम भरते, तर बाभळीचे सुमारे ८०० किलोग्रॅम. म्हणून घराच्या दारा-खिडक्यांना साग चालेल, पण जेथे धक्का आणि घर्षण सोसावयाचे तेथे शेतकऱ्याने बाभूळच निवडली. नांगर, कुळव, पाभर, बैलगाडीच्या चाकाचे आरे, कुऱ्हाडीचा दांडा, तंबूच्या मेखा ही सारी बाभळीची. फांद्यांचे कुंपण झाले, उरलेल्याचे सरपण झाले. शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कामांत एकही असे काम नव्हते की, ज्यात बाभळीचा हात नाही.

सर्व बाभळी एकसारख्या नसतात. आपल्याकडील बाभळीचा एक प्रकार रामकाठी या नावाने ओळखला जातो. तिच्या फांद्या पसरत नाहीत. त्या वर जातात आणि झाड उभ्या केरसुणीसारखे दिसते. तिची सावली पिकावर फारशी पडत नाही. म्हणून ती बांधावर राखीत. हिवर हे बाभळीचे नात्यातले झाड. त्याची साल फिकट आणि फुले पांढरट असतात. परंतु ज्या झाडाविषयी सर्वांत अधिक घोटाळा होतो, ते झाड म्हणजे वेडी किंवा विलायती बाभूळ. ते अमेरिका खंडातील उष्ण प्रदेशांतले असून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात आणले गेले. आज ते पडीक जमिनीत, ओढ्याकाठी व रस्त्याकडेला दाट माजले आहे आणि त्याच्या गर्दीत इथली झाडे-झुडपे मागे पडतात. दोघींतील फरक ओळखणे अवघड नाही. आपल्या बाभळीचे फूल गोल चेंडूसारखे व सोनेरी असते; वेडीचे फूल लांबट, लोंबत्या तुऱ्यासारखे व फिकट असते. आपल्या बाभळीची शेंग मण्यांच्या माळेसारखी आवळलेली असते; वेडीची शेंग चपटी व पिवळसर असते आणि तिच्यावर अशा आवळ्या नसतात.

हा फरक कळणे का जरुरीचे आहे, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी मी वर्गातील मुलांना घेऊन शिवारात गेलो होतो. ‘बाभूळ दाखवा,’ असे म्हणताच बहुतेक मुलांनी वेड्या बाभळीकडे बोट केले. एक मुलगा मात्र गप्प उभा होता. मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, “गुरुजी, खरी बाभूळ आमच्या विहिरीवर होती. परवा आम्ही ती तोडून विकली. बांध मोडून रान सरळ करावयाचे आहे.” मी म्हणालो, “बरे, मग आता विहिरीवर काय बदल झाला?” तो थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, “आता तिथं सुगरणी येत नाहीत.” पाण्यावर झुकलेल्या काटेरी फांदीला घरटे टांगले, म्हणजे साप आणि मांजर यांना तेथे सहज पोहोचता येत नाही, म्हणून सुगरण पक्षी अशी जागा पसंत करतात. फांदी गेली आणि पक्षीही गेले.

त्या मुलाच्या वडिलांना दोष देण्याचे कारण नाही. लोखंडी नांगर आला, ट्रॅक्टर आला, गाडीला रबरी चाके आली, मोटा गेल्या. कालव्याचे पाणी मिळाले तेथे ऊस उभा राहिला आणि बांधाची वीतभर जागाही मोलाची झाली. बाभळीची गरज एकेका कामातून सरत गेली. गरज सरली की झाड मुद्दाम कोणी राखीत नाही, आणि बाभूळ तर आपोआप उगवते या समजुतीने तिची लागवडही फारशी कोणी केली नाही. तिची जागा वेडी बाभूळ भरून काढते आहे. दुरून पाहणाऱ्याला रान हिरवेच दिसते. पण ती हिरवाई आणि ही हिरवाई एक नव्हे. पाऊस आजही लहरी आहे. बांध आजही पावसाने वाहून जातात, शेळ्यांना उन्हाळ्यात आजही चारा लागतो. नांगरासाठी बाभूळ नको असेल, परंतु या कामांसाठी ती अजून हवी आहे.

बाभूळ लावणे कठीण नाही. उन्हाळ्यात पिकलेल्या शेंगांतून बिया काढून ठेवा. मृगाच्या सुमारास त्यांवर गरम पाणी ओता आणि रात्रभर तशाच भिजू द्या. शेळीच्या पोटात जे काम होते, तेच काम हे पाणी करते. सकाळी फुगलेल्या बिया घरच्यांना विचारून बांधाच्या कडेला, जेथे रोप वाढवावयाचे तेथेच, टोकून टाका. कारण तिचे सोटमूळ लवकर खोल जाते आणि मोठे रोप उपटून दुसरीकडे लावलेले तिला सोसत नाही. पहिली दोन वर्षे शेळ्यांपासून रोप जपा. त्यानंतर ते स्वतःला जपते.

आणि पुढच्या खेपेस शेतातून येताना पायात काटा मोडला, तर तो काढून लगेच फेकून देऊ नका. तो कोणत्या झाडाचा आहे, ते मान वर करून पाहा. सोनेरी चेंडूची किंवा माळेसारख्या शेंगांची बाभूळ दिसली, तर तिची जागा वहीत टिपून ठेवा. आपल्या गावाच्या शिवारात अशा बाभळी किती उरल्या आहेत, हे मोजण्याचे काम अजून व्हावयाचे आहे.